जगदेव पाणाड्याने बुजवलेली विहीर

मालेगावच्या आसपास कुणाला विहीर खणायची असली, की मुहूर्त नंतर, मजूर नंतर; आधी किन्हीराजाचा जगदेव. जमिनीच्या पोटातलं पाणी तो सांगायचा. वावरात अनवाणी फिरता फिरता तो एका जागी थांबला, की बांधावरच्या लोकांचं बोलणं थांबायचं.

दिसायला काही विशेष नव्हता. काटकुळा, गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला फडकं. पाणी सांगत होता तोवर पायांना त्याने वहाण लागू दिली नाही. वहाण घातली की जमीन बोलत नाही, असं तो म्हणायचा. बायको लवकर गेली, मूलबाळ झालं नाही. थोडं कोरडवाहू वावर आणि एक गाय, एवढा त्याचा संसार. पाणी सांगण्याचे तो पैसे घेत नसे. मान मात्र घेत असे, आणि मानाची चटक तंबाखूपेक्षा वाईट.

त्याचं काम रीतीने चालायचं. आदल्या दिवशी उपास. तांबडं फुटताना उंबराची बेचकी दोन्ही हातांत धरून वावर पालथं घालायचं. बेचकी जिथे खाली ओढ घेईल, तिथे शेंदूर फासलेला दगड ठेवायचा. दगड ठेवला की पाणी लागेपर्यंत दोन बंधनं. घरातल्या बायकांनी त्या वावराच्या बांधाच्या आत पाऊल टाकायचं नाही, हे एक. दुसरं पाणाड्याला: त्याने त्या घरचं पाणी प्यायचं नाही. पाणी लागलं की पहिली घागर त्याच्या पायांवर आणि पहिला तांब्या त्याच्या हातात. तोवर तो त्या घरी कितीदा गेला, तरी पाण्याचा भोपळा आपल्या खांद्याला.

आणि पाणी नाहीच लागलं तर? तर विहीर रुसली. पाणाड्या चुकला असं कुणी म्हणत नसे. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण सगळ्या मुलखाला पाठ होती, पण पाणाड्याच्या बाबतीत ती कुणाला आठवत नसे. विहीर रुसते ती विटाळाने. आता वावरातून गडी जातात, बैल जातात, कुत्री जातात. त्यांच्या पायांना विटाळ नसतो. सगळा विटाळ देवाने कुणाच्या पायांत भरून ठेवलाय, हे लोकांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून विहीर कोरडी गेली की घरातली बाई शोधायची. रुसलेली विहीर बुजवत मात्र नाहीत. दरसाल चैत्रात तिच्या काठावर नारळ फोडतात आणि तिची समजूत पटायची वाट पाहतात.

बापूरावांची विहीर अशीच रुसली.

बापूराव माळी म्हणजे मालेगावाला लागून असलेल्या मळ्याचे मालक. वांगी, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, कांदा. बाजारात त्यांची टोपली आली की आधी ती रिकामी होई. घरात बायको गोजराबाई, मुलगा तुळशीराम आणि सून अंजना. अंजना किन्हीराजाची, जगदेवच्याच गावची. लग्नाला दोन वर्षं झालेली, आणि कामाला अशी की गोजराबाईसारख्या तोंडाळ सासूलाही नावं ठेवायला काही सापडत नव्हतं. जुन्या विहिरीचं पाणी उन्हाळ्यात मळ्याला पुरेना, म्हणून बापूरावांनी वरच्या तुकड्यात नवी विहीर काढायचं ठरवलं आणि जगदेवला बोलावलं. देश स्वतंत्र होऊन सात-आठ वर्षं झाली होती तेव्हाची ही गोष्ट.

त्या पहाटे जगदेवने सगळं वावर पालथं घातलं. बेचकी कुठेच ओढ घेईना. सूर्य वर आला. बांधावर भाऊबंद जमले होते, गावातली चार मोठी माणसं मुद्दाम आली होती. गोजराबाई बांधापलीकडे हळदकुंकवाचं ताट घेऊन उभी होती. उपासाने जगदेवच्या डोळ्यांपुढे काजवे चमकायला लागले. बोरीच्या झाडापाशी त्याचा पाय ढेकळावर अडखळला आणि हातातली बेचकी खाली लवली. ती ठेच होती की पाणी होतं? त्याला कळलं नाही. तेवढ्यात बांधावरून कुणीतरी ओरडलं, "लागलं! लागलं पानी!" गोजराबाईने ताट कपाळाला लावलं. जगदेवने क्षणभर डोळे मिटले आणि शेंदराचा दगड खाली ठेवला. तो खोटं बोलला नाही. खरंही बोलला नाही. लोक जे बोलले, त्याला तो नाही म्हणाला नाही.

खणायला सुरुवात झाली. काळी माती संपली, मुरूम संपला, खडक लागला. सुरुंग लावले. खडकाखाली खडकच निघाला. जाणती माणसं आत वाकून पाहायची आणि मागे सरायची. उन्हाळा सरला तरी तळाला बोट ओलं होईना. मग निंबाखाली बैठक बसली. बांध कोणी ओलांडला?

अंजना स्वतःच बोलली. "मी गेल्ती, मामंजी. शेजाऱ्याची म्हैस मेथीत शिरली होती, मळ्यात कोनीच नव्हतं. मी आडवी धावत गेली." मग मान खाली घालून म्हणाली, "अन् त्या दिवशी मी बाजूले बसली होती."

ती गप्प राहिली असती तर कुणाला कळलं नसतं. खरं बोलली आणि अडकली. गोजराबाईने कपाळावर हात मारून घेतला. तुळशीराम जमिनीकडे बघत राहिला. पाणी लागेल तेव्हा सून घरी येईल, तोवर माहेरी राहील, असं ठरलं. रीत म्हणून बापूरावांनी जगदेवला विचारलं, "काय म्हंता, जगदेवभाऊ?"

जगदेव म्हणाला, "रीत हाये तशी करा."

अंजना किन्हीराजाला भावाच्या घरी आली. नवऱ्याने टाकलेली बाई लोक एक वेळ समजून घेतील, पण विहीर रुसवलेली बाई म्हणजे अपशकुनीच. गावच्या विहिरीवर इतर बायांच्या घागरी भरून झाल्याशिवाय तिला रहाटाला हात लावू देत नसत. भावजय उठता-बसता बोलायची. जगदेवचं घर विहिरीच्या वाटेवर होतं, त्यामुळे हे सारं त्याच्या दारासमोरून रोज जायचं. पोरीची चाल बदलल्याचंही त्याला दिसलं. ती आता कुणाच्या वावरातून आडवी जात नसे. कितीही ऊन असो, कितीही लांब पडो, बांधाबांधाने, कडेकडेने चालायची.

एकदा भर दुपारी ती रिकामी घागर घेऊन त्याच्या दारात थांबली.

"जगदेवबाबा, एक इचारू? माह्या पायानं खरंच पानी गेलं का?"

तिच्या आवाजात राग असता तर जगदेवला बरं वाटलं असतं. राग नव्हता. तिला खरोखर माहीत करून घ्यायचं होतं.

"देवाले ठाऊक, पोरी," तो म्हणाला.

"मंग गेलंच असन," ती म्हणाली, आणि स्वतःच्या भेगाळलेल्या टाचांकडे बघून पुढे निघाली.

त्या दिवशी जगदेवला भाकर गोड लागली नाही. मनात काय सलतंय हे त्याला ठाऊक होतं, पण त्याला नाव देता येत नव्हतं. पाप म्हणावं तर त्याने कुणाचं काही हिरावलं नव्हतं. गुन्हा म्हणावं तर कुणी पकडलं नव्हतं. चुकलो म्हणावं, तर पाणाड्या चुकत नसतो. मग काय म्हणायचं?

पुढच्या हिवाळ्यात किन्हीराजाच्या अलीकडच्या नाल्यावर सरकारी पूल निघाला. ज्वारी निघाल्यावर हाताला काम नव्हतं, म्हणून जगदेव मजुरीला गेला. कामावर घाटोळे नावाचे तरुण ओव्हरसियर होते. खाकी अर्धी विजार, डोक्यावर टोपी आणि तीन पायांवर उभी केलेली दुर्बीण. जगदेवचे हात थरथरत नाहीत, हे बघून त्यांनी त्याला तांबडी-पांढरी पट्टी धरायला उभं केलं. त्यांनी खुंट्या ठोकून दिल्या तिथे पुलाच्या पायाचा खड्डा खणायला घेतला. माणसं गळ्यापर्यंत आत गेली.

एका सकाळी घाटोळेंनी पुन्हा मोजलं. परत मोजलं. मग दगडावर बसले. मुकादमाने ओळखलं की काहीतरी बिघडलंय, आणि मजुरांतला कोण सापडतो ते बघायला त्याने नजर फिरवली. मजुरांनीही माना खाली घातल्या. एवढ्या वर्षांत शिकलेलं होतंच ते.

"राँग," घाटोळे म्हणाले.

"कोनाचं, सायेब?" मुकादमाने बाह्या सरसावल्या.

"माझं. खुंटी मीच राँग ठोकली. हा खड्डा बुजवा, अलीकडे नवा खणू."

एवढं बोलून त्यांनी डबा उघडला आणि भाकर खाल्ली. लोणच्याची फोड चोखून चोखून खाल्ली. जगदेव पट्टी धरून बघतच राहिला. आभाळ कोसळलं नव्हतं. साहेब साहेबच होता, उलट मजूर आता त्याच्याशी जरा मोकळेपणाने बोलायला लागले होते.

दुपारच्या सुट्टीत जगदेव त्यांच्याजवळ जाऊन बसला. आपण होऊन साहेबाजवळ जाऊन बसणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"सायेब, थे राँग म्हंजे काय?"

"राँग म्हणजे चुकीचं. बरोबर नसलेलं."

"चुकी तं आमाले बी समजते. पन तुमी थे असं म्हनलं, जसा खोकला आला."

घाटोळे हसले. "अहो, शाळेत आमचे इंग्रजीचे मास्तर होते. काही चुकलं की पाटीवर फुली मारायचे आणि म्हणायचे, राँग. शिव्या नाहीत, छडी नाही. पुसायचं आणि पुन्हा करायचं. गणित राँग, रस्ता राँग, घड्याळ राँग. कशालाही लावा."

"मानसाले लागते का?"

"लागतं की. यू आर राँग, म्हणजे तू चुकलास. आय ॲम राँग, म्हणजे मी चुकलो. मजुरालाही लागतं, साहेबालाही लागतं."

जगदेव बराच वेळ मातीत बोटाने रेघा ओढत बसला. मग म्हणाला, "बरं. एखाद्याले ठाऊक नसन, अन् चार लोक पाहून राह्यले म्हनून त्यानं ठाऊक असल्यावानी दगड ठेवला. तं थे राँग का खोटं?"

घाटोळे पटकन काहीतरी बोलणार होते. जगदेवचा चेहरा पाहून थांबले.

"नाही हे माहीत असून हो म्हणणं म्हणजे खोटं. त्याला इंग्रजीत वेगळा शब्द आहे. तुम्ही सांगता ते मधलंच दिसतंय."

"मंग त्या मधल्याले कोनता शब्द?"

"मला येत नाही," घाटोळे म्हणाले. "पण राँग तर ते आहेच. सुरुवात तिथून करावी माणसाने." डब्याचं झाकण लावता लावता ते पुढे म्हणाले, "आणि नुसतं राँग म्हणून मोकळं होता येत नाही, बरं का. खड्डा बुजवावा लागतो. नाहीतर कुणाचं तरी ढोर पडून मरायचं."

दुपारनंतर जगदेवने पट्टी दुसऱ्याकडे दिली आणि खड्डा बुजवणाऱ्यांत जाऊन उभा राहिला.

पुढचे काही दिवस तो हा शब्द घरात वापरून बघत होता. वरणात मीठ दोनदा पडलं, "राँग." गाईचं दावं उलटं बांधलं, "राँग." गाय त्याच्याकडे बघायची. शब्द जिभेवर छान बसला. पण "जगदेव राँग" म्हणायला गेलं, की तो मधेच उठून गाईला वैरण टाकायला जायचा. अडचण शब्दाची नव्हतीच.

आणि त्या शब्दामागून त्याला भुरीबाई आठवली. कितीक वर्षांपूर्वी गावाबाहेरच्या तांड्यावर राहणाऱ्या देवला नावाच्या माणसाची विहीर कोरडी गेली होती. तेव्हा दोष देवलाच्या बायकोवर, या भुरीबाईवर, आला होता. भुरीबाईला तांड्याच्या पाणवठ्यावर मनाई झाली. ती नाल्याचं पाणी प्यायची. एका पावसाळ्यात पटकी आली आणि ती गेली. त्या विहिरीचा दगड कुणी ठेवला होता? जगदेवने. तेव्हाही त्याने म्हटलं होतं, रीत हाये तशी करा. इतक्या वर्षांत त्याने तिचं नावही काढलं नव्हतं. ते आठवून तो भिंतीला पाठ लावून बसला आणि रडला. त्याला लाज वाटत होती. ती लाज पाणाड्या म्हणून नव्हती, माणूस म्हणून होती.

दुसऱ्या दिवशी तो तांड्यावर गेला. देवला आता म्हातारा झाला होता. दारात बसून दोर वळत होता.

"देवला, तुही इहीर रुसली नव्हती," जगदेव म्हणाला. "तठी पानी नव्हतंच. मी चुकलो होतो. भुरीबाईचा काही गुन्हा नव्हता."

देवलाने दोर वळायचा थांबवला नाही. जगदेवला वाटलं, आता शिव्या देईल, मारायला उठेल. तो मार खायला तयार होता.

"मले कायले सांगतं?" देवला म्हणाला. "तिले सांग."

जगदेव तांड्यावरून चालत निघाला. वाटेत त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती: अंजना अजून जिवंत आहे, तिला सांगता येईल. पण नुसतं तिला सांगून भागणार नव्हतं. तिचं घर बापूरावांच्या हातात होतं. तो परस्पर मालेगावला गेला.

बापूराव ओट्यावर मेथीच्या जुड्या बांधत होते. गोजराबाई शेजारी बसली होती.

"बापूराव, सुनेले घरी आना. इहीर रुसली नाई. तठी पानी नव्हतंच. मी राँग."

"म्हंजे?"

"म्हंजे मी चुकलो. बेचकीनं ओढ घेतलीच नाई. माहा पाय अडखळला होता."

गोजराबाईच्या हातातली जुडी खाली पडली. "आता सांगून राह्यले? वर्स होत आलं पोरीले काढून! मंग आमी काय तिले उगाच हाकललं?" तिचा चेहरा रागाने लाल झाला. पण डोळ्यांत राग नव्हता, भीती होती. आपल्याला हे सांगू नका, असं ते डोळे म्हणत होते.

बापूराव सावकाश बोलले. "जगदेवभाऊ, तुमचं वय झालं. तुमच्या पायाच्या इतल्या इहिरी हायेत, मुलूख त्यांचं पानी पेते. आज तुमी चुकलो म्हनलं तं उद्या लोक देवावर बी शंका घेतीन. इहीर रुसली हाये. येईन तिची समजूत." आणि मोठ्या मानाने त्यांनी त्याला बांधापर्यंत पोचवलं.

आपली चूक कबूल करताना माणसाचा जीव जातो, हे जगदेवला ठाऊक होतं. दुसऱ्याची चूक ऐकून घ्यायलाही लोक इतके नाखूश असतात, हे त्याला त्या दिवशी कळलं. विहीर रुसलेली असणं सगळ्यांच्याच सोयीचं होतं. एका पोरीची तेवढी गैरसोय होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. खांद्यावर फावडं, डोक्यावर टोपलं, बगलेत पाण्याचा भोपळा. वरच्या तुकड्यात जाऊन त्याने विहिरीच्या काठावरचा मुरमाचा ढीग ओढायला सुरुवात केली. पहिलं टोपलं आत पडलं तेव्हा तळातून नुसता धप्प आवाज आला.

बापूराव धावत आले. "काय करून राह्यले हे? रुसलेली इहीर बुजवते का कोनी? माह्या वावरातली इहीर हाये थे!"

"इहीर नाई, बापूराव. खड्डा हाये. अन् तो माहा हाये." जगदेव फावडं चालवत राहिला.

म्हाताऱ्याच्या अंगाला हात कोण लावणार? बापूराव कमरेवर हात ठेवून उभे राहिले आणि मग निघून गेले. बातमी बाजारात पोचायला वेळ लागला नाही. पाणाड्या विहीर बुजवतोय! लोक बघायला यायचे. म्हातारा चळला, म्हणायचे. कुणी म्हणायचं, हे पाप वंशाला लागेल. जगदेवला वंशच नव्हता, त्यामुळे त्या धमकीत दम नव्हता. विचारेल त्याला तो एकच सांगायचा, "तठी पानी नव्हतं. मी राँग होतो." बाजारात त्याचं नाव राँगबुवा पडलं. ज्या लोकांनी त्याच्या पायावर घागरी ओतल्या होत्या, त्यांनीच ते पाडलं.

बुजवायचं काम खणण्याइतकं कठीण नाही, पण वय कुठे चुकतं? दुपारपर्यंत भोपळा रिकामा व्हायचा. खाली, मळ्याच्या आंब्याखाली, जुनी विहीर गार पाण्याची. मोटेचं पाणी पाटातून खळखळत जायचं, ते त्याला ऐकू यायचं. पण या घरचं पाणी त्याला चालत नव्हतं. ओठांवरून जीभ फिरवायची आणि पुढचं टोपलं भरायचं. गोजराबाई ओट्यावरून हे रोज बघत होती. तोंडाळ बाई, पण त्या दिवसांत ती कुणाशी बोलेना.

एका सकाळी ती उठली आणि सरळ वरच्या तुकड्यात आली. बांधापाशी एकदा थबकली, मग बांध ओलांडून आत आली. विहिरीच्या काठावरचा शेंदराचा दगड तिने उचलला, पदरात धरला आणि तशीच माघारी गेली. दगड तिने तुळशीपाशी ठेवला. त्या बांधाच्या आत बाईचं पाऊल पडलं होतं, तेही घरच्या सासूचं, आणि ते सगळ्यांनी पाहिलं होतं.

त्याच दिवशी तुळशीराम आपलं फावडं घेऊन आला. इतके महिने जमिनीकडे बघणारा तो पोरगा जगदेवच्या समोर उभा राहिला आणि ढीग ओढायला लागला.

"तुळशीराम!" बापूरावांनी खालून हाक मारली.

"बाबा," तुळशीराम वर न बघता म्हणाला, "इहीर बुजल्यावर कोनाची समजूत काढाची हाये?"

बापूराव दोन दिवस त्या तुकड्याकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी दोन गडी त्यांनी स्वतःच वर पाठवून दिले. माणूस वाईट नव्हता. त्याला फक्त उशीर लागायचा.

विहीर मुरमाने काठोकाठ भरली, वर काळी माती पसरली, त्या सकाळी तुळशीराम दिसला नाही. तो पायीच किन्हीराजाला गेला होता.

एक गोष्ट इथेच सांगून टाकलेली बरी. त्यानंतर जगदेवला कुणी पाणी विचारायला बोलावलं नाही. त्याच्या जुन्या विहिरी गोड्या पाण्याच्या होत्या, तशाच राहिल्या, पण नवा दगड त्याच्या हातून कुठे ठेवला गेला नाही. तो वहाणा वापरायला लागला. मरेपर्यंत मजुरी करून जगला आणि वर्षातून एकदा तांड्यावर जाऊन देवलाच्या दारात बसून यायचा. देवला दोर वळत राहायचा.

तर त्या दिवशी. ऊन कलायला लागलं होतं. जगदेव फावड्याच्या पाठीने माती सारखी करत होता. रस्त्याकडून तुळशीराम आला आणि त्याच्या मागे अंजना. डोक्यावर बोचकं. तुळशीराम वावरातून आडवा चालत आला. अंजना बांधाला वळली आणि कडेकडेने यायला लागली.

"पोरी," जगदेवने हाक दिली, "वावराच्या मदातून ये."

ती थांबली. तिने ओट्याकडे बघितलं. गोजराबाई दारात उभी होती. तिने हाताने ये म्हणून खूण केली. अंजनाने बांध ओलांडला. ताज्या मातीत तिची पावलं रुतत होती, आणि ती प्रत्येक पाऊल बघून टाकत होती.

जगदेवजवळ आल्यावर ती उभी राहिली.

"तू मले इचारलं होतं," जगदेव म्हणाला. "मी देवाचं नाव सांगितलं. देवाचा काही संबंध नव्हता. तुह्या पायानं पानी नाई गेलं. अठी पानी कधीच नव्हतं. मले थे तेव्हाच ठाऊक असाले पाह्यजे होतं. मी राँग."

"राँग म्हंजे?"

"मी चुकलो, पोरी. तू नाई चुकली."

अंजनाने बोचकं तिथेच मातीत ठेवलं आणि खाली आंब्याकडे गेली. जगदेवला वाटलं, गेली बिचारी, रडायला गेली. तो पुन्हा फावड्याला लागला. थोड्या वेळाने ती परत आली. हातात घागर, घागरीवर तांब्या. तिने तांब्या बुडवून भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"घ्या, बाबा."

जगदेवच्या घशाला कोरड पडली होती. तरी त्याने मान हलवली. "मले या घरचं चालत नाई. इहिरीले पानी लागल्याबिगर..."

"कायची इहीर?" अंजना म्हणाली. "अठी इहीर हाये कुठी आता?"

जगदेवने पायांखाली बघितलं. सपाट काळी माती होती. तिच्यात आंब्याकडे जाणारी अंजनाची पावलं होती, आणि परत येणारीही. त्याने फावडं खाली ठेवलं, दोन्ही हातांनी तांब्या धरला आणि तोंड वर करून पाणी प्यायला. निम्मं त्याच्या धोतरावर सांडलं. अंजनाने तांब्या पुन्हा भरला.